मार्गारेट डेहॉफ

थोरांचीं चरित्रें वाचतांना आपलें लक्ष सहसा रणांगण गाजविणाऱ्या वीरांकडे किंवा नवा शोध लावणाऱ्या पंडितांकडे जातें. इतरांनीं लावलेले शोध गोळा करून, तपासून, नीट मांडून ठेवणाऱ्याकडे कोणी फारसें पाहात नाहीं. हें काम कारकुनाचें आहे, अशी आपली समजूत असते. परंतु अशा कामांतूनच एक नवें शास्त्र उभें करणाऱ्या एका विदुषीचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. जीवशास्त्राच्या अभ्यासकांत मार्गारेट डेहॉफ यांचें नांव आज सर्वश्रुत आहे.

मार्गारेट ओकली यांचा जन्म अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं ता. ११ मार्च १९२५ रोजीं झाला. त्यांच्या मातोश्री हायस्कुलांत गणित शिकवीत असत. मार्गारेट दहा वर्षांच्या असतां हें कुटुंब न्यूयॉर्क येथें राहावयास गेलें. मातेची गणिताची आवड कन्येच्या अंगीं उतरली होती. १९४५ सालीं त्यांनीं न्यूयॉर्क विद्यापीठाची गणिताची पदवी मोठ्या मानानें मिळविली व पुढें कोलंबिया विद्यापीठांत प्रो. जॉर्ज किंबॉल यांच्या हाताखालीं रसायनशास्त्राचा अभ्यास आरंभिला.

त्या काळीं मोठमोठ्या पेढ्यांत व कचेऱ्यांत हिशेबासाठीं भोकें पाडलेलीं कार्डें वाचणारीं यंत्रें वापरीत असत. पगाराच्या याद्या करणारीं हीं यंत्रें रेणूंच्या अंगच्या शक्तीचें गणित कां करणार नाहींत, असा प्रश्न या तरुण विद्यार्थिनीस पडला. तिनें तें करून दाखविलें व १९४८ सालीं डॉक्टर ही पदवी संपादन केली. त्याच वर्षीं एडवर्ड डेहॉफ या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञांशीं त्यांचा विवाह झाला. पुढें त्यांस दोन मुली झाल्या. त्या लहान असतां बाईंनीं कांहीं वर्षें संशोधन बाजूस ठेविलें व घर सांभाळलें. कित्येकांची विद्या अशा खंडानंतर गंजून जाते. यांची तशी गेली नाहीं. १९६० सालीं त्या रॉबर्ट लेडली यांच्या राष्ट्रीय जीववैद्यक संशोधन संस्थेंत सहसंचालिका म्हणून रुजू झाल्या, आणि तेथेंच त्यांचें खरें जीवितकार्य सुरू झालें.

तें कार्य समजण्यासाठीं थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. आपल्या शरीरांतील बहुतेक सर्व कामें प्रथिनें करतात. मण्यांची माळ असावी तशी प्रथिनाची रचना असते. हे मणी म्हणजे अमिनो आम्लें. त्यांचे मुख्य प्रकार वीस आहेत. कोणता मणी कोणत्या मण्यामागून येतो यावर प्रथिनाचा गुण अवलंबून असतो. इंग्लंडांतील फ्रेडरिक सँगर यांनीं अनेक वर्षें खपून इन्सुलिनच्या ५१ मण्यांचा क्रम १९५५ सालापर्यंत उलगडला. त्याची रीत अशी कीं, माळ निरनिराळ्या ठिकाणीं तोडावयाची, तुकड्यांतील मणी ओळखावयाचे, आणि एका तुकड्याचें टोंक दुसऱ्याशीं जुळवून मूळ माळ मनांत पुन्हां ओवावयाची. माळ लांब असली म्हणजे मनुष्याची बुद्धि या जुळवाजुळवींत थकून जाई. लेडली व डेहॉफबाई यांनीं ती संगणकावर सोंपविली. त्यासाठीं लिहिलेली आज्ञावली त्यांनीं १९६२ सालीं विद्वानांपुढें मांडली.

संगणक स्वतः होऊन कांहींच करीत नाहीं. त्याला ओळीओळीनें लेखी आज्ञा द्यावी लागते. ती अचूक असेल तर तो क्षणांत काम करतो. एक चिन्ह चुकलें तर अडून बसतो, किंवा चुकीचें उत्तर तितक्याच तत्परतेनें देतो. म्हणून आज्ञा व माहिती हीं दोन्ही थोडक्यांत व निःसंदिग्ध लिहितां आलीं पाहिजेत. पूर्वीं प्रत्येक अमिनो आम्लाचें नांव तीन अक्षरांनीं लिहीत. कार्डावर तर जागा ८० अक्षरांचीच. डेहॉफबाईंनीं प्रत्येक आम्लास रोमन लिपींतील एकच अक्षर नेमून दिलें. आज जगांतील सर्व प्रयोगशाळा प्रथिनांचे क्रम त्याच अक्षरांनीं लिहितात.

१९६५ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोंपर्यंत उलगडलेल्या प्रथिनक्रमांचा एक कोश प्रसिद्ध केला. त्यांत ६५ क्रम होते. हे क्रम निरनिराळ्या मासिकांतून विखुरलेले होते. ते शोधून काढावयाचे, त्यांतील चुका पारखावयाच्या, कार्डांवर उतरावयाचे आणि नवी आवृत्ति काढतांना सर्व पुन्हां ताडून पाहावयाचें, असें हें काम होतें. तें कधींच संपणारें नव्हतें, कारण दरवर्षीं नवे क्रम येत आणि जुन्यांत दुरुस्त्या निघत.

इतका खटाटोप कशासाठीं, असें आमचे बालवाचक विचारतील. त्यास आम्ही पोथ्यांचें उदाहरण देतों. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. तींत अनेक हस्तलिखित पोथ्या ताडून पाहिल्या. नकलून घेतांना एका लेखनिकाची चूक झाली कीं, ती पुढच्या सर्व नकलांत उतरते. म्हणून कोणत्या पोथ्या एका घराण्यांतील हें चुकांवरून ओळखतां येतें. प्राण्यांचेंही तसेंच आहे. पेशींच्या श्वसनास लागणारें सायटोक्रोम सी नांवाचें एक प्रथिन आहे. मनुष्य व चिंपांझी यांच्यांत त्याचे १०४ मणी अगदीं एकसारखे आहेत. मनुष्य व घोडा यांच्यांत १२ ठिकाणीं भेद आहे. अशा भेदांवरून जीवांची वंशावळ संगणकाकडून काढवून घेणाऱ्या पहिल्या संशोधकांत डेहॉफबाईंची गणना होते.

मात्र दोन ओळी एकाखालीं एक ठेवल्या म्हणजे जुळणी झाली, असें नव्हे. एका पोथींत 'कमलनयन' आहे आणि दुसरींत लेखनिकाच्या हातून म गळून 'कलनयन' झालें आहे, असें समजा. अक्षराखालीं अक्षर मांडलें तर पहिल्या क नंतर एकही जुळत नाहीं. परंतु दुसऱ्या शब्दांत क नंतर एक जागा मोकळी सोडली कीं बाकीचीं सर्व अक्षरें जुळतात. शिवाय सर्व चुका सारख्या नसतात. घ च्या जागीं ध पडणें साहजिक, पण घ च्या जागीं ट सहसा पडत नाहीं. प्रथिनांतही कांहीं आम्लें एकमेकांच्या जागीं सहज खपतात; कांहींची अदलाबदल जीवास बाधते, म्हणून ती टिकत नाहीं. कोणता बदल किती वेळां टिकतो हें अंदाजानें न ठरवितां बाईंनीं मोजून ठरविलें. प्रथिनांचे निकट नात्याचे ७१ गट घेऊन, त्यांतील १५७२ बदल मोजून, त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं एक कोष्टक प्रसिद्ध केलें. दोन क्रमांतील साम्य नात्याचें कीं योगायोगाचें, याचा निवाडा करण्यास तें मोठें साधन झालें. एक तपाहून अधिक काळ गोळा केलेला संग्रह हातीं नसता, तर हें कोष्टक होणेंच शक्य नव्हतें.

तथापि या श्रमांचें चीज लवकर झालें नाहीं. पुष्कळ विद्वान या संग्रहास संशोधन म्हणावयास तयार नसत; आणि आपले अप्रसिद्ध क्रम देण्यासही अनेक जण कांकूं करीत. उलटपक्षीं बाईंच्या संस्थेविषयींही तक्रार होती. खर्च भागविण्यासाठीं संस्था संग्रह विकीत असे व तो इतरांस वाटण्याची मोकळीक देत नसे. आम्ही दिलेले क्रम आम्हांसच विकत कां घ्यावे लागावे, असें शास्त्रज्ञ म्हणत. आम्हांस दोन्ही बाजूंत तथ्य दिसतें. संग्रह करणारानें जगावें कसें, आणि ज्ञान सर्वांस खुलें कसें राहावें, हा प्रश्न खरोखरच बिकट होता.

याच सुमारास डी. एन. ए.चे क्रमही भराभर उलगडूं लागले. त्याची लिपि चारच अक्षरांची. पण मनुष्याच्या पेशींतील ही पोथी सुमारें ३०० कोटी अक्षरांची आहे. १९८० सालीं बाईंच्या संस्थेनें डी. एन. ए.च्या क्रमांचा संग्रह टेलिफोनच्या तारेवरून खुला केला. दूरच्या शहरीं बसलेल्या अभ्यासकानें आज्ञेची ओळ टंकून पाठवावी आणि हवा तो क्रम मागवावा, अशी सोय झाली. परंतु १९८२ सालीं अमेरिकन सरकारनें राष्ट्रीय डी. एन. ए. संग्रहाचें काम दुसऱ्या संस्थांच्या हातीं दिलें. तो संग्रह सर्वांस मोकळा होता. बाईंस हा मोठा धक्का होता. तरी त्यांनीं हातचें काम सोडलें नाहीं. प्रथिनांच्या संग्रहासाठीं सरकारकडे नवी मागणी सादर केल्यावर थोड्याच दिवसांनीं, ता. ५ फेब्रुवारी १९८३ रोजीं, हृदयविकारानें त्यांचें देहावसान झालें. त्यांचें वय अवघें ५७ वर्षांचें होतें.

तत्पूर्वीं अमेरिकेंतील जीवभौतिक परिषदेचें चिटणीसपद व मागाहून अध्यक्षपद हे मान त्यांस मिळाले होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच परिषदेनें तरुण स्त्री संशोधकांसाठीं त्यांच्या नांवें पारितोषिक ठेविलें. १९८४ सालीं त्यांचा प्रथिनसंग्रह पक्क्या पायावर उभा राहिला, आणि २००२ सालीं युरोपांतील दोन संस्थांच्या संग्रहांशीं एकत्र होऊन जगांतील सर्वांस खुला झाला. आज कोणत्याही देशांतील विद्यार्थी संगणकासमोर बसून एक ओळ लिहितो आणि नव्या रोगजंतूचें प्रथिन कोट्यवधि क्रमांशीं क्षणार्धांत ताडून पाहतो. त्या ओळीमागें ६५ क्रमांचा तो पहिला कोश आहे, हें त्यास बहुधा ठाऊकही नसतें.

विद्यार्थिमित्रहो, वर्गांत वही स्वच्छ ठेवणें, उतारा मुळाशीं ताडून पाहणें, उत्तराचा ताळा घेणें हीं कामें आपणांस कंटाळवाणीं वाटतात. ज्यांत टाळी पडत नाहीं तें काम हलकें, असा आपला ग्रह होतो. डेहॉफबाईंनीं हींच कामें तेवीस वर्षें केलीं, आणि इतरांस जेथें नुसती यादी दिसत होती तेथें त्यांना जीवसृष्टीचें कुलवृत्त दिसलें. ही दृष्टि त्यांस आधीं नव्हती. ताडून पाहतां पाहतां ती आली. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतून घेण्याजोगें मुख्य तें हेंच.