विश्लेषण : नोकियाची धून ज्यांची, ते फ्रान्सिस्को तारेगा कोण? एका गिटारवर आख्खे गाणे कसे बसते?

मोबाइलवर जुन्या गाण्याचे ‘फिंगरस्टाइल’ गिटारवादन ऐकताना पहिला प्रश्न पडतो, की दुसरा वादक कुठे आहे? चाल वाजते आहे, तिच्याखाली खर्जाचा ठेका चालू आहे, मधल्या जागा भरणारे सूरही आहेत आणि पडद्यावर माणूस मात्र एकच. कर्जत, खोपोली, चौक, खालापूर अशा गावांत गिटारचा वर्ग दाराशी नसला तरी फोन खिशात असतो आणि त्यावर शिकणाऱ्यांना हा प्रश्न रोजच भेटतो. या पद्धतीला आजचे वळण देणाऱ्यांत फार मोठे नाव आहे स्पेनचे गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांचे. ते १९०९ मध्ये वारले. त्यांची एक ओळ मात्र जवळपास प्रत्येक भारतीयाच्या कानावरून गेली आहे.

ती ओळ कोणती?

नोकियाची रिंगटोन. तारेगा यांनी १९०२ मध्ये ‘ग्रान व्हाल्स’, म्हणजे ‘मोठा वॉल्ट्झ’, ही गिटाररचना लिहिली. तिच्यातला एक छोटा तुकडा नोकियाच्या अधिकाऱ्यांनी १९९३ मध्ये निवडला आणि १९९४ च्या नोकिया २११० या फोनमध्ये तो रिंगटोन म्हणून आला. रचनाकाराच्या मृत्यूला ८० हून अधिक वर्षे झाली होती, त्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नव्हती. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पुढची दहा-पंधरा वर्षे ही धून एसटीत, लग्नात, बँकेच्या रांगेत आणि नको तिथे, अंत्ययात्रेतही वाजली.

फोनच्या त्या किरट्या आवाजात फक्त चाल होती. मूळ गिटारवर त्याच चालीखाली अंगठ्याचा खर्ज ‘एक-दोन-तीन’ असा झुलत असतो. नोकियाने चाल घेतली आणि अंगठा सोडून दिला. तारेगा यांचे आयुष्यभराचे काम खरे तर त्या अंगठ्याचे होते.

गिटारकडे कसे वळले?

जन्म २१ नोव्हेंबर १८५२, स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या व्हियारेआल गावी. फुटबॉल पाहणाऱ्यांना हे नाव तिथल्या पिवळ्या जर्सीच्या क्लबमुळे माहीत असेल. वडील एका मठात राखणदारी करत आणि फावल्या वेळी गिटार वाजवत. लहानपणी फ्रान्सिस्को शेताच्या पाटात पडला. कर्जतच्या राजनाल्याकाठच्या गावांना अशा पाटाची ओढ काय असते ते सांगायला नको. जीव वाचला, पण डोळ्यांना कायमची इजा झाली.

मुलगा पुढे पूर्ण आंधळा झाला तर पोट कसे भरणार, ही वडिलांची चिंता. तेव्हाच्या स्पेनमध्ये दृष्टिहीनांना जमण्यासारखा एक धंदा होता, वादकाचा. म्हणून घर कास्तेयोन शहरात हलवले आणि मुलाला संगीत शिकायला घातले. त्याचे पहिले दोन शिक्षकही अंधच होते. त्या घराने संगीत निवडले ते हौस म्हणून नव्हे, विमा म्हणून. तारेगा यांची दृष्टी आयुष्यभर अधू राहिली, पूर्ण गेली नाही.

१८६२ मध्ये खुलिआन आर्कास हे नामांकित गिटारवादक कास्तेयोनला आले. त्यांनी मुलाचे वादन ऐकले आणि त्याला बार्सिलोनाला पाठवण्याचा सल्ला दिला. वडिलांनी पाठवले. तिथे या दहा वर्षांच्या पोराने पळ काढला आणि कॉफीहाउसांतून गिटार वाजवत पैसे मिळवू लागला. वडिलांनी शोधून परत आणले. तेराव्या वर्षी पुन्हा घर सोडून तो वालेन्सियात जिप्सी वादकांच्या टोळीत सामील झाला. असा मुलगा पुढे अतिशय शांत, भिडस्त शिक्षक म्हणून ओळखला गेला, हे त्याच्या चरित्रातले मोठे आश्चर्य आहे.

पियानो की गिटार?

आज हा प्रश्न आवडीचा वाटेल. तेव्हा तो प्रतिष्ठेचा आणि पोटाचा होता. पियानो हे श्रीमंतांच्या दिवाणखान्याचे वाद्य. गिटार होती गुत्त्यात, न्हाव्याच्या दुकानात, गाण्याच्या साथीला. आपल्याकडे ढोलकीकडे दीर्घकाळ ज्या नजरेने पाहिले गेले, साधारण त्याच नजरेने. मैफलीत एकट्या गिटारला दोन तास कोणी ऐकेल, ही कल्पना फारशी कोणाच्या मनात नव्हती. आवाजही लहान होता.

तारेगा दोन्ही वाद्ये वाजवत. किशोरवयात ते बुरियाना या गावच्या कसिनोत पियानोवादक होते. तिथे अंतोनिओ कानेसा नावाच्या सधन चाहत्याने त्यांना हाताशी धरले. १८६९ मध्ये दोघे सेव्हियाला गेले आणि अंतोनिओ दे तोरेस या कारागिराकडून तारेगांसाठी गिटार घेतली. तोरेस यांनी गिटारचे पोट मोठे केले होते आणि वरची फळी पातळ ठेवून आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्यांनी तिला आधार दिला होता. त्याने आवाज वाढला आणि खर्ज भरीव झाला. आजची नायलॉन तारांची गिटार बहुतांशी त्याच घडणीची आहे.

१८७४ मध्ये तारेगा माद्रिदच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. विषय पियानो, स्वरलेखन आणि हार्मनी. विद्यालयाचे प्रमुख, संगीतकार एमिलिओ आरिएता यांनी त्यांची गिटार ऐकली आणि हेच वाद्य धरण्याचा आग्रह केला. त्यांनी ते ऐकले. पियानोचे शिक्षण मात्र वाया गेले नाही. डावा हात खर्ज सांभाळतो आणि उजवा चाल, ही पियानोवाल्याची सवय त्यांनी एकाच हाताच्या बोटांत वाटून टाकली.

एका हातात तीन वाद्ये कशी?

गिटारला सहा तारा. खालच्या सुरांच्या तीन तारा अंगठ्याकडे, वरच्या सुरांच्या तीन तारा तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांच्याकडे. करंगळी बहुधा रिकामी. नखी किंवा पिक नाही, थेट बोटांनी छेडायचे. पिकने एका वेळी एक तार किंवा लागून असलेल्या तारांचा झुपका वाजतो. बोटांनी पहिली आणि सहावी तार एकाच क्षणी वाजवता येते, मधल्या चार गप्प ठेवून. चाल आणि खर्ज वेगळे ऐकू येतात ते यामुळे.

यातली खरी अडचण वेगाची नसून वजनाची आहे. अंगठा मुळातच जड आणि अनामिका दुबळी. चाल मात्र बहुतेक वेळा अनामिकेवर येते. नवशिक्याचे गाणे ओळखू येत नाही त्याचे कारण सहसा हेच असते. सूर सगळे बरोबर, पण अंगठा चालीला झाकून टाकतो. तारेगा यांच्या सरावात बोटांची ही समानता मिळवण्यावर मोठा भर होता. डावा पाय छोट्या पाटावर ठेवून गिटार डाव्या मांडीवर घ्यायची बैठकही त्यांच्यामुळेच रूढ झाली. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून.

त्यांची ‘रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा’, म्हणजे ‘आलाम्ब्राच्या आठवणी’, ही रचना सर्वात प्रसिद्ध. तार छेडली की गिटारचा सूर लगेच विझू लागतो, बासरीसारखा लांबवता येत नाही. यावर तोड म्हणून अंगठा एक खर्जाचा सूर देतो आणि अनामिका, मधले बोट, तर्जनी त्याच क्रमाने चालीचा एकच सूर झरझर तीनदा वाजवतात. कानाला अखंड धार ऐकू येते. संतूरवादक दोन काड्यांनी जे साधतो, तेच इथे तीन बोटांनी.

गाणी बसवायची म्हणजे काय?

गिटारसाठी लिहिलेले संगीत तेव्हा थोडे होते. तारेगा यांनी स्वतः रचना केल्याच, पण शंभराहून अधिक रूपांतरे केली. शोपँ, शुमान, मेंडेल्सोन, बाख यांच्या रचना, समकालीन आल्बेनिथ यांचे पियानो-तुकडे. आपल्या रचना गिटारवर ऐकून आल्बेनिथ खूश होत, असे सांगतात. लोकप्रिय चालीही त्यांनी सोडल्या नाहीत. ‘व्हेनिसचा कार्निव्हल’ या घरोघरी माहीत असलेल्या इटालियन चालीवर त्यांनी एकामागून एक रूपे रचली, स्पेनच्या ‘खोता’ या लोकनृत्याच्या चालीवरही.

पियानोवर सात सप्तकांहून अधिक आवाका, गिटारवर साडेतीनच्या आसपास. दहा बोटांचे काम चार बोटांवर. म्हणजे बरेच सूर गाळावेच लागतात आणि कोणते गाळायचे यातच कसब. चाल आणि खर्ज राहिले तर कान मधले सूर स्वतः भरून घेतो. नवशिके नेमके उलट करतात, पुस्तकातली सगळी कॉर्ड धरायला जातात आणि चाल मोडतात.

धवळा गिटारवर येईल का?

रायगडच्या आगरी लग्नांत धवलारीण धवळे गाते. ते बहुधा वाद्याविना. त्यात कॉर्ड नाहीत, चालीखाली खर्ज नाही. ठाकर-कातकरी वाड्यांवरच्या गाण्यांनाही ढोलकी किंवा ढोल असतो, पाश्चात्त्य अर्थाने हार्मनी नसते. मग गिटारच्या अंगठ्याने करायचे काय?

तारेगा यांच्या ‘काप्रिचो आराबे’ या अरबी ढंगाच्या रचनेत त्याचे एक उत्तर सापडते. तिथे सहावी तार नेहमीपेक्षा एक पूर्ण स्वर खाली उतरवलेली असते. या जुळणीत सहावी, पाचवी आणि चौथी तार मोकळी छेडली की सा, प आणि वरचा सा मिळतो. आपल्या कानाला ती जवळजवळ तंबोऱ्याची जुळणी. धवळा असो, ओवी असो की एखादे भावगीत, कॉर्डच्या मागे न धावता अंगठ्याने हे सा-प धरून ठेवायचे आणि चाल वरच्या तीन तारांवर घ्यायची. मींड हवी तिथे डाव्या हाताचे बोट तारेवरून घसरवायचे. ढोलकीचा ठेका हवा असेल तर अंगठा तारेवर किंचित आपटला तरी पुरतो. याला वेळ लागतो, पण चाल तिच्या जागी राहते.

एक व्यवहाराची गोष्टही इथेच. तारेगांच्या गिटारला प्राण्यांच्या आतड्याची तात असे, नायलॉन आले ते १९४० च्या दशकात. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात ती तात फार दिवस टिकली नसती. आजही लोखंडी तारा इथे गंजतात आणि लाकूड ओल धरून फुगते, मग तारा फळीपासून उचलल्या जातात आणि बोटे दुखतात. जूनपासून गिटार भिंतीला न टांगता पेटीत बंद ठेवावी.

नख की बोटाचे टोक?

गिटारवाल्यांचा हा वाद अजून चालू आहे. नखाने आवाज खणखणीत आणि मोठा येतो, मांसल टोकाने गोल आणि मऊ. तारेगा यांनी पन्नाशीच्या आसपास नखे सोडली. वादन मोठ्या सभागृहांत करायचे असते तर हे परवडले नसते. त्यांना मात्र पाच-दहा ऐकणाऱ्यांची खोलीच आवडे. पॅरिस-लंडनचे दौरे झाले होते, नाव झाले होते, पण ते बार्सिलोनातल्या घरी मित्र आणि शिष्यांत रमत.

त्यांनी शिकवण्याचे पुस्तक लिहिले नाही. ते काम शिष्यांनी केले. एमिलिओ पुजोल यांनी गुरूची पद्धत ग्रंथरूपात मांडली आणि बिननखी वादन पुढे चालवले. मिगेल योबेत यांनी नखे ठेवली, पण रूपांतराचा वारसा लोकगीतांकडे नेला. कातालान लोकगीतांची त्यांनी गिटारसाठी केलेली रूपे आजही जगभर शिकवली जातात. ‘आमेलियाचे मृत्युपत्र’ हे त्यातले एक, राजकन्येच्या मरणाची साधी चाल आणि तिच्याखाली अतिशय मोजके सूर.

शेवटची वर्षे कशी गेली?

जानेवारी १९०६ मध्ये तारेगा यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. तार छेडणारा हात तोच. डोळे जातील म्हणून ज्या हाताला शिकवले होते, तो हात गेला. त्यांनी सराव सुरू ठेवला, काही ताकद परत मिळवली, थोडे वाजवलेही. पूर्वीचे वादन परतले नाही. मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी ‘ओरेमुस’ हा छोटा तुकडा लिहून पूर्ण केला. तेही रूपांतरच होते, शुमान यांच्या एका पियानो-तुकड्याचे, संथ चालणारे.

१५ डिसेंबर १९०९ रोजी बार्सिलोनात त्यांचे निधन झाले. वय ५७. सहा वर्षांनी, १९१५ मध्ये, त्यांचे अवशेष कास्तेयोनला नेऊन पुरण्यात आले. अंध शिक्षकांकडे त्यांचे पहिले धडे झाले ते याच शहरात.