भारताच्या नकाशाला अचूक माप देणारे विल्यम लॅम्ब्टन

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही वस्ती म्हैसूरच्या पठारावर वसलेली आहे. सर्वांत जवळचा समुद्रकिनारा येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही येथील कोणत्याही नकाशावर जमिनीची उंची समुद्रसपाटीपासूनच दिलेली असते, सुमारे ९०० मीटर. पुट्टेनहळ्ळी आणि सारक्की या तेथील तलावांचे पाणी कोणत्या बाजूस वाहील, हे समान उंचीची स्थळे जोडणाऱ्या समोच्च रेषांवरून समजते. दोन ओढ्यांचे पाणी वेगळे करणारा जलविभाजक उंचवटाही याच रेषांतून ओळखता येतो. परंतु समुद्र नजरेच्या टप्प्यात नसताना त्याच्यापासूनची उंची पठारावर आणली कशी, या प्रश्नाचे उत्तर विल्यम लॅम्ब्टन यांच्या आयुष्यात सापडते. हे इंग्रज अधिकारी महाराष्ट्रातील हिंगणघाटच्या मातीत विसावले आहेत.

लॅम्ब्टन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास उत्तर यॉर्कशायरमधील एका सामान्य कुटुंबात झाला. गणिताची गोडी त्यांना शालेय वयातच लागली. १७८१ मध्ये ते लष्करात दाखल झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील यॉर्कटाउनच्या पराभवात युद्धकैदी बनले. सुटकेनंतरची अनेक वर्षे त्यांनी कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे एका किरकोळ पदावर, फावल्या वेळात गणिताचे ग्रंथ वाचत काढली. चाळिशी उलटलेला हा अबोल अधिकारी आपल्या पलटणीबरोबर भारतात आला, तेव्हा त्याच्याकडून कोणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या.

१७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत चित्र बदलले. रात्रीच्या अंधारात जनरल बेअर्ड यांची तुकडी वाट चुकून टिपू सुलतानाच्या छावणीच्या दिशेने निघाली होती. आकाशातील तारे पाहून लॅम्ब्टन यांनी ही चूक दाखवून दिली. बेअर्ड यांना प्रथम ते पटले नाही. होकायंत्र पाहिल्यावर मात्र ताऱ्यांची साक्ष खरी ठरली.

टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरचा मोठा प्रदेश कंपनीच्या प्रभावाखाली आला. त्याचा नकाशा हवा होता, कारण महसूल आणि सैन्य या दोहोंची गरज तीच होती. लॅम्ब्टन यांनी मात्र याहून मोठी योजना मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी विणावी आणि त्याच कामातून पृथ्वीचा आकारही तपासावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरते, अशी टीका मद्रासच्या वित्त समितीतील एका सदस्याने केल्याचे सांगितले जाते. खर्चाकडे पाहणाऱ्यांना अक्षांशांतील सूक्ष्म फरक चैनच वाटणार!

पद्धत समजण्यास सोपी होती, पाळण्यास अत्यंत कठीण. सपाट जमिनीवर सात-आठ मैलांची एक आधाररेषा साखळीने मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. तेथवर चालत जाऊन अंतर मोजावे लागत नाही. ऊर्ध्व कोनांवरून टेकडीची उंचीही मिळते. लॅम्ब्टन यांची शंभर फुटी पोलादी साखळी मुळात चीनच्या सम्राटाला भेट म्हणून नेलेली होती. उन्हाने पोलाद किंचित वाढते, म्हणून ती लाकडी पन्हळीत ठेवून शेजारी तापमापक लावले जात. त्यांचे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट समुद्रात फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले, पण शास्त्रीय उपकरण म्हणून सन्मानाने परत पाठवले.

१८०० मध्ये बेंगळुरूजवळ पहिली आधाररेषा मोजून झाली. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंट येथून मुख्य सर्वेक्षण सुरू झाले. त्रिकोण समुद्रकिनाऱ्यापासून घाट चढून पठारावर आले, आणि त्यांच्याबरोबर समुद्रसपाटीही गणितातून पठारावर आली. १८०४ मध्ये लॅम्ब्टन यांनी बेंगळुरूजवळ पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष मोजली, कारण गणिताने काढलेली लांबी खरी आहे की नाही, हे त्यांना पाहायचे होते. सात मैलांत फरक निघाला तो चार इंचांहूनही कमी. या एका आकड्यावर पुढच्या सर्व कामाचा विश्वास उभा राहिला. मद्रास ते मंगळूर हे अंतर ४०० नव्हे तर ३६० मैल असल्याचेही याच साखळीने दाखवले. जुन्या नकाशांनी द्वीपकल्प चाळीस मैल रुंद करून ठेवले होते.

यानंतर ७८ रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणारा महाचाप आकारास येऊ लागला. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि थिओडोलाइट भिंतीवर आदळले. लॅम्ब्टन यांनी तंबूत बसून सुमारे सहा आठवड्यांत ते स्वतः पूर्ववत केले. टेकड्यांवर निशाणे घेऊन उभे राहणाऱ्या, जंगले तोडणाऱ्या आणि तापाने खंगणाऱ्या खलाशांची नावे मात्र इतिहासाने फारशी जपलेली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १८१७ मध्ये आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यानंतर त्यांचा गौरव केला. १८१८ मध्ये सर्वेक्षण थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण सहायक त्यांना मिळाले. तोपर्यंत चाप बिदरपर्यंत पोहोचला होता. पुढे तो वऱ्हाडात अचलपूर परिसरापर्यंत गेला. लॅम्ब्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा प्रदेश मोजला गेला.

वयाची सत्तरी जवळ आलेली, फुप्फुसे क्षयाने पोखरलेली, तरी मुक्काम हलतच होता. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. सर्वेक्षणाची सूत्रे एव्हरेस्ट यांच्याकडे गेली. नवी, अधिक सूक्ष्म उपकरणे आल्यावर बिदरची आधाररेषा १८४१ मध्ये पुन्हा एकदा मोजण्यात आली.