कब्रीतूनही हद्दपार: बदिउज्जमान सईद नूरसी (रह.)

१२ जुलै १९६०. तुर्कस्तानातलं उर्फा शहर. रात्री रस्त्यांवर सैनिक उभे केले गेले आणि हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्या नावाशी जोडलेल्या तलावाजवळच्या खलीलुर्रहमान दर्ग्यात एक कब्र फोडली गेली. कब्र बदिउज्जमान सईद नूरसी यांची होती. दफन होऊन चार महिनेही झाले नव्हते.

तुर्कस्तान म्हटलं की आपल्याकडच्या तरुणांना मालिका आठवतात, जुन्या माणसांना खिलाफत चळवळ. नूरसींचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही हे लिहितोय.

बितलीस प्रांतातल्या नूर्स या कुर्द गावात १८७७ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. दीनी इल्म आणि विज्ञान एकाच छताखाली शिकवणारं विद्यापीठ पूर्वेकडे उभं राहावं, हे त्यांचं तरुणपणापासूनचं स्वप्न. त्यासाठी १९०७ मध्ये ते इस्तंबूलला गेले. पहिल्या महायुद्धात ते लढले, रशियनांच्या कैदेत पडले आणि १९१८ मध्ये तिथून निसटून परतले.

१९२५ मध्ये शेख सईद यांचं बंड झालं. नूरसी त्यात नव्हते, तरी सरकारने त्यांना पश्चिमेकडे हद्दपार केलं. बार्ला या डोंगराळ खेड्यात त्यांनी सुमारे साडेआठ वर्षं काढली आणि तिथंच ‘रिसाले-ए-नूर’ हा कुरआनचा अर्थ उलगडणारा ग्रंथ बराचसा लिहून झाला. १९२८ मध्ये अरबी लिपी बंद झाली, १९३२ पासून अजानही तुर्की भाषेत द्यावी लागे. अशा दिवसांत खेड्यापाड्यातली साधी माणसं हे लिखाण जुन्याच लिपीत हाताने उतरवून एकमेकांना पोचवत होती. छापखाना नाही, पैसा नाही. पुढे एस्कीशेहिर, देनिझली, अफ्योन असे तुरुंग झाले. देनिझलीच्या खटल्यात तर १९४४ मध्ये सगळे निर्दोष सुटले, पण पाळत काही संपली नाही.

१९५० मध्ये मेंदेरेस यांचं सरकार आलं आणि अरबी अजान परत सुरू झाली. नूरसींनी या सरकारला पाठिंबा दिला. पण खरं सांगायचं तर याच सरकारच्या पोलिसांनी मार्च १९६० मध्ये, आजारी अवस्थेत उर्फाला पोचलेल्या ऐंशी पार केलेल्या या माणसाला परत फिरण्याचा हुकूम दिला होता. लोक आडवे आले. २३ मार्चला, रमजानमध्ये, तिथल्याच एका हॉटेलच्या खोलीत त्यांचा इंतकाल झाला.

मग २७ मे रोजी लष्कराने सत्ता घेतली. ३८ अधिकाऱ्यांची समिती देश चालवू लागली. नूरसींच्या कब्रीवर लोक फातिहा पढायला येतात, एवढंही तिला सोसवेना. कोन्याला राहणारे त्यांचे धाकटे भाऊ अब्दुलमजीद यांच्याकडून, मय्यत हलवावी अशा अर्जावर सही घेण्यात आली. म्हणजे कागदोपत्री मागणी घरच्यांचीच! त्या भावाने पुढे सांगितल्याप्रमाणे, मय्यत लष्करी विमानाने पश्चिमेकडे नेली आणि रात्रीच्या अंधारात इस्पार्ताच्या बाजूला कुठंतरी पुरली.

आपली कब्र एकदोन शागिर्दांपलीकडे कुणाला माहीत नसावी, अशी नूरसींचीच इच्छा होती. त्यामुळे काही शागिर्द यात अल्लाहची मर्जी पाहतात. ते त्यांच्या जागी ठीक. पण सैनिक काही वसीयत पुरी करायला आले नव्हते, हे आम्हाला विसरता येत नाही.

मेंदेरेस यांना लष्करी राजवटीने सप्टेंबर १९६१ मध्ये फाशी दिली. दंडसंहितेच्या १६३ व्या कलमाखाली नूरच्या वाचकांवर खटले चालूच राहिले. घरात जमून रिसाले वाचला, एवढ्यावरही लोक कोर्टात उभे राहिले. ते कलम रद्द व्हायला १९९१ उजाडलं.

उर्फाच्या दर्ग्यातली ती रिकामी जागा आजही आहे. लोक तिथं थांबतात, फातिहा पढतात.