हिंगण्याची झोपडी आणि महर्षी कर्वे

सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच जमाखर्च तपासण्याचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत समाजाने काय उभे केले आणि काय करावयाचे राहिले, याचा विचार अशा वेळी होणे उचित ठरते. येलदरीच्या धरणाने पूर्णेचे पाणी अडविले, वीज निर्माण झाली, शेते भिजली; परंतु आपल्या परिसरातील खेड्यापाड्यांतील अनेक मुलींचे शिक्षण मात्र गावची शाळा संपली की थांबते. पुढील शाळा दूर, वाहनाची सोय नाही आणि दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीस निघाले की घरी मागे कोणी नाही. अशा मुलींसाठी निवासी शाळा असावी, असे आपल्यापैकी अनेकांना मनापासून वाटते. ती कशी उभी राहते, हे ज्यांच्या चरित्रातून शिकावे असे महापुरुष म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे होत.

अण्णासाहेब कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. त्यांचे बालपण मुरूड येथे गेले. घरची परिस्थिती बेताचीच होती. इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले. मात्र वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे त्यांनी कोल्हापूर येथून ती परीक्षा उत्तीर्ण केली. मुंबईस गणित विषयात पदवी घेऊन १८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. मिळकतीच्या दर रुपयामागे एक पैसा धर्मकार्यासाठी बाजूला काढण्याची सवय त्यांनी स्वतःस लावून घेतली होती. व्यापारात धर्मादा काढणाऱ्या आपल्या समाजास या सवयीचे मोल सांगावयास नको.

प्रथम पत्नी राधाबाई यांच्या निधनानंतर १८९३ साली अण्णांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. त्याच पुढे आनंदीबाई तथा बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूडच्या मंडळींनी त्यांस वाळीत टाकले. स्वतःच्या घरी जाणेही दुरापास्त झाले. तरीही अण्णांनी कोणाशी वैर धरले नाही. एका विधवेचा विवाह झाला तरी शेकडो जणी मागे राहतात आणि त्यांना स्वतःच्या पायावर उभे करावयाचे तर शिक्षण व निवारा दोन्ही एकाच ठिकाणी मिळाले पाहिजेत, हे त्यांच्या लक्षात आले. यातूनच १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली.

पुण्यात प्लेगचा कहर होता, शिवाय सनातनी मंडळींचा रोषही होता. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगणे येथील सहा एकर जमीन व सातशे पन्नास रुपये आश्रमास दिले. सन १९०० मध्ये त्या माळावर एक साधी झोपडी उभी राहिली आणि आश्रम तेथे गेला. त्या काळी हिंगण्यास धड रस्ता नव्हता. दिवसभर कॉलेजात गणित शिकवून अण्णा सुमारे चार मैल चिखल तुडवीत, आश्रमासाठी लागणारे सामान स्वतः वाहून नेत हिंगण्यास जात आणि तेथे मुलींना शिकवीत. सुट्टीत गावोगाव हिंडून ते वर्गणी गोळा करीत. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या. त्यांनी आश्रमाच्या कामास वाहून घेतले आणि पुढे निधी मिळविण्यासाठी त्या अमेरिकेपर्यंत गेल्या.

पुढे १९०७ साली अण्णांनी कुमारिकांसाठी महिला विद्यालय सुरू केले. मुलगी शाळेत राहिली तर तिचा विवाहही लांबतो, हा विचार त्यामागे होता. सन १९१६ मध्ये महिला विद्यापीठ मोजक्याच विद्यार्थिनींवर सुरू झाले. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली आपल्या मातोश्रींच्या नावे त्यास पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. आम्हा कापडाच्या धंद्यातील माणसांना या देणगीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु क्रम ध्यानात घ्यावा : आश्रमाच्या स्थापनेनंतर चोवीस वर्षांनी पंधरा लाख आले. आधी मुली आल्या, मग झोपडी, मग विश्वास आणि शेवटी मोठी देणगी.

वयाची पंचाहत्तरी उलटल्यावरही अण्णा स्वस्थ बसले नाहीत. ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे ती काढण्यासाठी त्यांनी १९३६ साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. सन १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या एकशे पाचव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या हिंगण्याच्या माळावर झोपडी होती, तो भाग आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो.

आपल्या समाजासही ही परंपरा नवी नाही. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि त्यांच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

दान देण्यात आपला समाज कधी मागे राहिला नाही. मात्र दान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम इमारत येते, आणि इमारतीवर नाव कोणाचे लागावे यावर चर्चा रंगते. अण्णासाहेबांचे चरित्र वाचताना हा क्रम उलटा करावासा वाटतो. वस्तीवस्तीत जाऊन शाळा सुटलेल्या मुलींची यादी करणे, त्यांच्या आईवडिलांचा विश्वास मिळविणे, मुलींसोबत रात्री मुक्कामास राहील अशी जबाबदार भगिनी शोधणे आणि दरमहा धान्य, औषध, वह्या यांचा खर्च अखंड चालेल अशी तजवीज करणे, ही कामे कोनशिलेच्या आधीची आहेत. भाड्याच्या दोन खोल्यांतही दहा मुलींची सोय होऊ शकते. दुर्गम भागातील वंचित मुलींसाठी शासनाने २००४ पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची योजना राबविली. परंतु ज्या मुली अशा सोयींपर्यंत पोहोचत नाहीत, त्यांचे दायित्व समाजावरच येते.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने उत्पन्नाचा अल्पसा अंश आणि महिन्यातील एक दिवस अशा मुलींसाठी राखून ठेवला, तर भव्य संकुल आज ना उद्या उभे राहीलच. ते उभे राहण्यापूर्वीच काही मुली शिकून घरी परतल्या असतील, हेच आपल्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचे खरे पुण्यफल ठरेल.