मा जियान : अरबी आणि चिनी विद्यांचे दुभाषी

कन्फ्यूशियस यांच्या वचनांचा ‘लून यू’ हा संग्रह १९३५ साली कैरो येथे अरबी भाषेत प्रसिद्ध झाला. भाषांतरकार मा जियान हे त्या वेळी इजिप्तमध्ये शिकणारे एक चिनी विद्यार्थी होते. अरब जगतात ते मुहंमद माकिन या नावाने ओळखले जात.

चीनच्या युन्नान प्रांतातील शादियान या गावी १९०६ साली एका हुई मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. चीनमधील मशिदींत अरबी आणि फारसी ग्रंथांचे अध्यापन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. परंतु ते प्रामुख्याने धर्मशिक्षणापुरते मर्यादित होते. शांघाय येथील शिक्षणानंतर १९३१ साली मा जियान चिनी विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीबरोबर अल्-अझहर विद्यापीठात दाखल झाले. आठ वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी कन्फ्यूशियस अरबांपर्यंत पोहोचवले आणि इजिप्तचे सुधारणावादी विचारवंत मुहंमद अब्दुह यांचा ईश्वराच्या एकत्वावरील ग्रंथ चिनी भाषेत आणला. असा दुहेरी प्रवास करणारे भाषांतरकार विरळाच.

१९३९ साली ते युद्धग्रस्त मायदेशी परतले. १९४६ मध्ये पेकिंग विद्यापीठात त्यांनी अरबीचे अध्यापन सुरू केले. ज्या पौर्वात्य भाषा विभागात ते रुजू झाले, त्याचे प्रमुख होते संस्कृत पंडित जी श्यानलिन. वाल्मीकी रामायण चिनी भाषेत आणणाऱ्या या विद्वानांना भारताने २००८ साली पद्मभूषण किताबाने गौरवले. संस्कृत आणि अरबी या दोन्ही विद्यांनी चिनी विद्यापीठात एकाच छताखाली मूळ धरले, हे विशेष उल्लेखनीय होय.

१९४९ नंतर चिनी नेते आणि अरब पाहुणे यांच्या भेटींत मा जियान दुभाषी म्हणून काम करीत. मात्र त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य, म्हणजे सुबोध आधुनिक चिनी भाषेतील कुराणाचे भाषांतर, रखडत गेले. तीसपैकी पहिले आठ भाग १९५० च्या सुमारास छापले गेले. १९६६ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला अरबी-चिनी शब्दकोश प्रकाशित झाला. त्याच वर्षी सांस्कृतिक क्रांतीला आरंभ झाला आणि धार्मिक ग्रंथांचे प्रकाशन ठप्प झाले.

१९७८ मध्ये मा जियान यांचे निधन झाले. फिलिप हित्ती यांच्या अरबांच्या इतिहासाचे त्यांनी केलेले भाषांतर १९७९ मध्ये, तर संपूर्ण कुराण १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८७ साली सौदी अरेबियातील मदिना येथे अरबी मूळ संहितेसोबत हेच चिनी भाषांतर छापण्यात आले.