वाल्डेमार हाफकिन : लशीचा पुरावा आणि एका बाटलीचा आरोप

मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव देशभर परिचित आहे. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. पटकी आणि प्लेग या दोन महाभयंकर रोगांवर त्यांनी लस तयार केली आणि ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. भारतातील वस्त्या, तुरुंग आणि खेड्यांमध्ये तिची परिणामकारकता त्यांनी आकड्यांनिशी तपासली. पुढे एका दुर्घटनेचा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला आणि तो पुसला जाण्यास पाच वर्षे लागली.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात प्रख्यात जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होते. विद्यार्थिदशेतच झारशाहीविरोधी चळवळीशी संबंध आल्याने त्यांना अटक झाली. ज्यूंविरुद्ध उसळलेल्या दंगलीत आपल्या समाजाचे रक्षण करताना ते जखमीही झाले. धर्मांतर केल्यास अध्यापकपद मिळण्याची शक्यता होती, परंतु त्यांनी ते नाकारले. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला आणि काही काळ जिनिव्हा येथे अध्यापन केले. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांना मिळालेले पद संशोधकाचे नव्हते. ते साहाय्यक ग्रंथपाल होते.

ग्रंथालयाच्या कामातून उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर प्रयोग सुरू केले. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाल्यानंतर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. लस मनुष्यास अपायकारक नाही, एवढेच यातून सिद्ध झाले. ती रोगापासून वाचवते किंवा नाही, हे पाहण्यासाठी पटकीचा वावर असलेला प्रदेश आवश्यक होता. त्यावेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन १८९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

कलकत्त्यातील काट्टल बागान या वस्तीत १८९४ मध्ये पटकीचे रुग्ण आढळले. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर वस्तीत जे नवे रुग्ण आढळले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच जागी राहणाऱ्या आणि एकच पाणी पिणाऱ्या माणसांचे दोन गट करून त्यांची तुलना करावयाची, ही हाफकिन यांची पद्धत येथे प्रथम स्पष्ट झाली. चाचण्यांविषयीच्या आजच्या बातम्यांमध्ये आपण ज्याला नियंत्रित गट म्हणतो, त्याचेच हे साधे रूप होते. बंगाल, आसाम आणि उत्तर भारतात हजारो लोकांना लस टोचल्यानंतर हिवतापाने खंगलेले हाफकिन १८९५ मध्ये इंग्लंडला गेले व पुढील वर्षी परतले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. डॉ. आकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली, लगतचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी ऑक्टोबरमध्ये काम सुरू केले. त्यांनी काढलेली युक्ती विलक्षण साधी होती. जंतूंची वाढ होण्यासाठी चंबूत भरलेल्या पोषक रसावर ते तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना धरून जंतूंचे धागे लोंबत खाली वाढू लागत. चंबू हलवला की हे धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवे धागे धरू लागत. अशा प्रकारे वाढवलेले जंतू उष्णतेने मारले की लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तिची मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आणि वेदना सोसून ते बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना लस घेण्याची मुभा देण्यात आली आणि जवळपास निम्मे कैदी पुढे आले. अन्न, कोठड्या आणि दिनक्रम सर्वांचा सारखाच होता. टोचणीच्या वेळीच ज्यांना संसर्ग झालेला होता ते वगळता, पुढील दिवसांतील मृत्यू लस न घेतलेल्यांमध्ये झाले. बंदिवानांवर केलेल्या प्रयोगास आजची नीतिसमिती सहजी परवानगी देणार नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पोर्तुगीज अमलाखालील दमण येथील आकडे त्याहून मोठे आहेत. १८९७ च्या साथीत तेथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ जण दगावले, तर लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ जण मृत्युमुखी पडले. म्हणजे शंभरांत दोनाहूनही कमी, आणि शंभरांत सुमारे पंचवीस. तरीही यावर एक आक्षेप घेता येत होता. लस घेणारे लोक मुळातच अधिक सुस्थितीतील किंवा अधिक दक्ष असतील, तर फरक लशीमुळे पडला असे कशावरून म्हणावे?

बडोद्याजवळील उंढेरा या गावाने या आक्षेपाला उत्तर दिले. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या व्यक्तींना लस देण्यात आली. घर तेच, चूल तीच. रोग शिरलेल्या २८ कुटुंबांमध्ये लस न घेतलेले ६४ जण होते. त्यांतील २७ आजारी पडले आणि २६ मरण पावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मरण पावले. पुरावा म्हणून हे आकडे अतिशय भक्कम आहेत. मात्र एकाच घरात कोणाला टोचावयाचे आणि कोणाला नाही, हा निवाडा त्या आकड्यांमागे आहे. ते वाचताना मन अस्वस्थ होते.

याच काळात पुण्यात प्लेगनिवारणासाठी लष्कर घरोघरी शिरत होते. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. टोचणीविषयीही लोकांच्या मनात धास्ती होती. हाफकिन यांचा भर मात्र सक्तीपेक्षा स्वेच्छेवर होता. तरुण आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात स्थलांतरित झाली. प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने आकडेवारीच्या काटेकोरपणाविषयी आणि मात्रेच्या प्रमाणीकरणाविषयी उणिवा दाखवल्या, परंतु लसीकरणास पाठिंबाच दिला.

यानंतर पंजाबातून लशीची प्रचंड मागणी आली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बॉलिक आम्ल मिसळण्याची पायरी वगळली आणि केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत स्वीकारली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल या गावी, जे आता पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. या सर्वांना ५३-एन या एकाच बाटलीतील लस देण्यात आली होती. त्या दिवशी वापरलेल्या अन्य बाटल्यांतील लशीने कोणासही अपाय झाला नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथे, दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला. पद्धतीतील बदलावरही त्याने बोट ठेवले. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

खरे तर मलकवालच्या नोंदींतच वेगळे चित्र दिसत होते. बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच वापरण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली अनेक आठवड्यांपूर्वी भरलेली होती. त्यात एवढे दिवस जंतू वाढले असते, तर उघडताच उग्र दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हा मुद्दा लावून धरला. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये रॉस आणि अन्य नऊ शास्त्रज्ञांच्या स्वाक्षऱ्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने हाफकिन यांच्यावरील ठपका मागे घेतला. सापडलेल्या सर्व नोंदी एकत्र ठेवून पाहण्याचे जे काम हाफकिन यांनी उंढेऱ्यात केले, ते त्यांच्या स्वतःच्या प्रकरणात आयोगाने केले नाही, असेच म्हणावे लागते.

हाफकिन भारतात परतले, परंतु परळला नव्हे. त्यांची नियुक्ती कलकत्त्यातील प्रयोगशाळेत झाली. प्लेगच्या लशीचे उत्पादन त्यांच्याकडे पुन्हा सोपवण्यात आले नाही. निवृत्त होऊन ते युरोपात गेले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी बव्हंशी ज्यू समाजाच्या कार्यास वाहिले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक शाळांसाठी ठेवली.

परळच्या प्रयोगशाळेतून मात्र लस बाहेर पडत राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या. १९२५ मध्ये तत्कालीन संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ही वार्ता त्यांना युरोपात कळली. ते भारतात पुन्हा आले नाहीत. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.