देवगंधर्व भास्करबुवा बखले

किर्लोस्कर नाटक मंडळीचे नाव निघाले की बेळगावकरांची मान थोडी ताठ होते, आणि ते साहजिकच आहे. मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर हे आमच्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. बेळगावात काही काळ त्यांनी शिक्षकी केली होती. १८८० मध्ये त्यांनी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आणले, आणि मराठी माणसाला संगीत नाटकाचे जे वेड लागले ते पुढे पन्नास वर्षे उतरले नाही. या वैभवाचा भार कोणाच्या खांद्यांवर होता, हे मात्र फारसे बोलले जात नाही. त्या काळी कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. नायिकेची पदे म्हणण्यास कोवळ्या, उंच गळ्याची मुले लागत, आणि नाटकमंडळ्या अशा मुलांच्या शोधात असत. अशाच एका मुलाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

भास्कर रघुनाथ बखले यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील, सुरतेजवळच्या कठोर या गावी झाला. घरची स्थिती बेताची. शिक्षणासाठी मुलगा बडोद्यास आला व संस्कृत पाठशाळेत जाऊ लागला. शब्दरूपे आणि श्लोक पाठ करता करता त्याचा गळा लोकांच्या कानांवर पडला. विष्णुबुवा पिंगळे हे कीर्तनकार ध्रुपदगायनातही निष्णात होते. त्यांनी त्याला आपल्याजवळ घेतले. पुढे बडोद्याचे विख्यात संगीतज्ञ मौलाबक्ष यांचेही शिक्षण त्याला लाभले. म्हणजे पाठांतर, कीर्तन आणि ध्रुपद असा तिहेरी पाया बालपणीच घातला गेला. एवढी शिदोरी असलेला मुलगा किर्लोस्कर मंडळीच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. सुप्रसिद्ध भाऊराव कोल्हटकरही याच बडोद्याहून मंडळीत आले होते. भास्करही चौदा-पंधरा वर्षांच्या वयात अण्णासाहेबांच्या छत्राखाली आला.

१८८४ च्या ‘रामराज्यवियोगा’त त्याने कैकेयीची भूमिका केली. कैकेयीचे काम म्हणजे नुसते गोड गाणे नव्हे! हट्ट, मत्सर, राजाच्या दुबळेपणावर मिळविलेला विजय, हे सारे एका शाळकरी वयाच्या मुलाने सुरांतून आणि मुद्रेतून दाखवावयाचे होते. शेकडो लोकांपुढे न डगमगता उभे राहणे, शब्द शुद्ध व स्वच्छ उच्चारणे, दुसऱ्याच्या मनात शिरून त्याचे दुःख आपल्या तोंडाने बोलणे, हे शिक्षण कोणत्याही पाठशाळेत त्याला मिळाले नसते. इंदूरच्या मुक्कामी थोर बीनकार बंदे अलीखाँ यांनी त्याचे गाणे ऐकले आणि प्रसन्न होऊन त्याला गंडा बांधला, असे सांगतात. त्या वयाच्या मुलाला आपण अस्मानात आहोत असे वाटले असल्यास नवल नाही.

पण या शिक्षणाची किंमतही द्यावी लागे. नाटकमंडळीतील मुलाला घर नसे, शाळा नसे. मालक हाच पालक, आणि गळा हीच मिळकत. आणि गळा ही मिळकत निसर्गाने थोड्याच वर्षांच्या कराराने दिलेली असते. भास्करच्या बाबतीत तो करार लवकरच संपला. त्याचा आवाज फुटला.

आमच्या वाचकांतील मुलांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. स्नेहसंमेलनात ज्याचे नाट्यपद ऐकण्यास पालक शेवटपर्यंत बसून राहतात, तोच मुलगा दोन वर्षांनी मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि प्रार्थनेतही नुसते ओठ हलवतो, हे दर वर्षी दिसणारे दृश्य आहे. आमच्या मुलांचे यात मन दुखावते, एवढेच. भास्करचे सारे आयुष्यच त्या एका आवाजावर उभे होते. इकडे १८८५ च्या नोव्हेंबरात अण्णासाहेबही निवर्तले. ज्या भूमिकांसाठी त्याला आणले होते त्या आता त्याच्या हाती राहणे शक्य नव्हते, आणि पूर्वीचा मानही उरला नाही. त्याने मंडळी सोडली.

अशी किती मुले त्या काळात रंगभूमीने घेतली आणि आवाज फुटताच टाकली, याची गणती कोणी ठेवलेली नाही. या मुलाने मात्र हाय खाल्ली नाही. तो बडोद्यास परतला आणि ग्वाल्हेर परंपरेचे गायक फैज महंमदखाँ यांच्या दारी जाऊन उभा राहिला. आमच्या मते भास्करबुवांचे खरे चरित्र येथून सुरू होते. टाळ्यांची सवय झालेल्या तरुणाने पुन्हा षड्जापासून आरंभ करणे, फुटलेल्या आवाजाला रोजच्या मेहनतीने नवा आकार देणे आणि हे सारे कोणीही ऐकत नसताना करणे, ही गोष्ट कैकेयीच्या भूमिकेपेक्षा अवघड होती. त्यातही संस्कृत पाठशाळेत वाढलेल्या ब्राह्मण तरुणाने मुसलमान उस्तादाच्या घरी शिष्य म्हणून राहावे व गुरुसेवेची पडतील ती कामे करावी, ही गोष्ट त्या काळच्या समाजाच्या डोळ्यांत सलणारीच होती. सुराच्या ओढीने ती शिव त्यांनी ओलांडली आणि जन्मभर तिच्या पलीकडेच ते रमले.

फैज महंमदखाँकडून भक्कम तालीम घेतल्यावर दुसरा कोणी गवई म्हणून मोकळा झाला असता. बुवांना आग्रा घराण्याच्या नत्थनखाँ यांची लय आणि बोलबढत खुणावीत होती. त्यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. याच सुमारास आमच्या शेजारच्या धारवाडास ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी संगीतशिक्षकाची नोकरी केली. दिवसा भावी मास्तरांना सारेगम सांगावयाचे आणि एरवी स्वतः विद्यार्थी व्हावयाचे, असा तो क्रम. (आम्हां शिक्षकांना हा तपशील विशेष प्रिय आहे, हे सांगून टाकतो.) पुढे स्वतःचे नाव झाल्यावरही त्यांनी अल्लादियाखाँ यांच्याकडून त्यांची अवघड, पेचदार गायकी घेतली. एका घराण्याचा माणूस दुसऱ्या घराण्याची चीज कानाआड करी, अशा काळात तीन घराण्यांचे ज्ञान एका गळ्यात नांदू लागले. बुवांच्या मैफली महाराष्ट्रापुरत्या राहिल्या नाहीत. पंजाबात जालंदरच्या हरवल्लभ मेळ्यातही त्यांनी नाव मिळविले, आणि तिकडील गाण्याचा ढंग ते आपल्यासोबत घेऊन आले.

आणि मग ज्या रंगभूमीने त्यांना एकदा रिकाम्या हाताने परत धाडले होते, तिच्याकडे ते गुरू होऊन परतले. किर्लोस्कर मंडळीत १९०५ मध्ये दाखल झालेले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, त्यांचे शिष्य झाले. बालगंधर्वांच्या गळ्याला निसर्गाने सारे काही दिले होते. ते देणे पुढे टिकावे म्हणून त्याखाली रागदारीचा पाया घालणे, हे काम बुवांचे. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापिली, आणि १९१६ मध्ये खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले. त्याच्या चाली बुवांच्या. यमन, भूप, भीमपलास हे मैफलीतील राग त्यांनी ख्यालाच्या चिजांसह उचलून रुक्मिणीच्या तोंडी असे बसविले की, ज्याने जन्मात गवयाची बैठक पाहिली नव्हती तो कारकून, दुकानदार, घरी परत जाताना यमन गुणगुणू लागला. बहुजनांचा कान घडविण्याचे एवढे मोठे काम एका नाटकाने क्वचितच केले असेल.

१९११ मध्ये त्यांनी पुण्यास भारत गायन समाजाची स्थापना केली. गाणे शिकावयाचे तर नाटकात तरी जा, नाही तर उस्तादाच्या घरी पाणी भर, याखेरीज सामान्य घरच्या मुलाला मार्ग फारसा नव्हता. शाळा सुटल्यावर दप्तर ठेवून गाण्याच्या वर्गास जावे, ही आज साधी वाटणारी सोय तेव्हा नवी होती. स्वतः दोन्ही वाटा तुडविलेल्या माणसाने ती करून द्यावी, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

शिष्य निवडताना बुवांनी जात, प्रांत, भाषा पाहिली नाही. पंजाबचे दिलीपचंद्र वेदी त्यांच्यापाशी शिकले. घरी कोंकणी बोलणाऱ्या आम्हां वाचकांना अभिमान वाटावा अशा गोमंतकातील ताराबाई शिरोडकरही त्यांच्याच शिष्या. गोविंदराव टेंबे त्यांच्या साथीला पेटीवर बसत व त्यांना गुरुस्थानी मानीत.

या सर्वांत एका शिष्याची हकीकत मुद्दाम सांगावयास हवी. आळंदीस १८९८ मध्ये जन्मलेला कृष्णा फुलंब्रीकर हा मुलगा नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून गाजत होता. तोच कोवळा गळा, त्याच टाळ्या, तेच वय. १९११ च्या सुमारास तो बुवांकडे आला. त्यांनी त्याला नाटकापासून तोडले नाही, पण नाटकावर सोडूनही दिले नाही. मैफलीत आपल्या मागे बसवून, बरोबर घेऊन फिरून, त्याला रागविद्या दिली. स्वतःच्या आवाजाच्या वेळी जे कोणी आपल्यासाठी केले नव्हते, ते त्यांनी या मुलासाठी केले.

१९२० मधील ‘द्रौपदी’च्या चालीही बुवांच्याच. ८ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. गंधर्व मंडळीच्या पुढील नाटकांना चाली देण्याचे काम कृष्णरावांकडे आले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, आणि त्यांचा आवाज फुटून, पुन्हा सावरून, भरदार झाला होता.